सायबर बुलिंग म्हणजे काय? मस्करीची कुस्करी कधी होते, त्रास कोणाला होतो आणि आपण काय करायचं



समजा तुमच्या वर्गाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ग्रुपमध्ये ५२ जण. रात्री साडेनऊला कोणीतरी एक स्टिकर टाकतं. वर्गातल्याच एका मुलाचा जेवतानाचा फोटो, तोंड उघडं, खाली दोन शब्द लिहिलेले. पाच मिनिटांत हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या इमोजींची रांग लागते. तो मुलगा स्वतःही तोच इमोजी टाकतो. दुसऱ्या दिवशी स्टिकर क्लासच्या ग्रुपवर पोहोचतो. महिन्याभरात त्याचे अकरा स्टिकर तयार होतात. त्याने "उद्या प्रॅक्टिकल आहे का?" असं विचारलं तरी उत्तर म्हणून त्यातलाच एक येतो. हळूहळू तो ग्रुपवर लिहिणं बंद करतो. मग डबाही एकटाच खायला लागतो.

कोणी कोणाला मारलं नाही. कोणी शिवीही दिली नाही. तरीही हे बुलिंगच आहे. आणि गंमत म्हणजे ५२ पैकी ४५ जणांना विचारलं तर ते खरंखुरं सांगतील, "मी तर काहीच केलं नाही."

आजच्या लेखात आपण बुलिंग म्हणजे नेमकं काय, फोनवर ते जास्त का लागतं, त्याचा परिणाम कोणाकोणावर होतो, तुमच्यासोबत घडत असेल तर काय करायचं आणि कायदा काय म्हणतो, हे सगळं पाहणार आहोत. आणि त्या ४५ जणांबद्दलही बोलणार आहोत, कारण आपल्यापैकी बहुतेक जण त्यांच्यातच असतात. चला तर मग.

बुलिंग म्हणजे काय?

मराठीत बुलिंगसाठी एकच नेमका शब्द नाही. चिडवणं, खेचणं, टर उडवणं, दादागिरी, छळ असे बरेच शब्द आहेत, पण त्यातला एकही पूर्ण अर्थ सांगत नाही. "दादागिरी" म्हटलं की डोळ्यांसमोर कॉलर पकडणारा मुलगा येतो. "चिडवणं" म्हटलं की ते किरकोळ वाटतं. म्हणूनच घरी सांगितल्यावर "अरे, चिडवतातच मुलं, तू लक्ष देऊ नकोस" असं उत्तर मिळतं.

या विषयावर सर्वात आधी शिस्तशीर संशोधन केलं ते डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने. मूळचे स्वीडनचे, पुढे नॉर्वेत काम केलेले. १९७० च्या दशकात त्यांनी शाळेतल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरल्या जातात:

१. हेतू: समोरच्याला त्रास व्हावा, तो लहान दिसावा असा उद्देश असतो.
२. पुन्हा पुन्हा: एकदाच झालेलं भांडण नाही, तेच तेच परत घडतं.
३. ताकदीतला फरक: ज्याला त्रास होतोय त्याला बरोबरीने उत्तर देता येत नाही.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची आहे. दोन मित्र एकमेकांना "जाड्या" आणि "काड्या" म्हणत असतील, दोघंही हसत असतील, तर ती मस्करी. पण एकाला वीस जण "जाड्या" म्हणतात आणि त्याला एकालाही उलट बोलायची सोय नसते, तेव्हा मस्करीची कुस्करी झालेली असते.

ताकद म्हणजे फक्त अंगातली ताकद नाही. फोनच्या जगात ताकद अशी दिसते: तुमच्या बाजूला किती जण आहेत, कोणाच्या गॅलरीत कोणाचा फोटो आहे, कोणाकडे जुन्या चॅटचे स्क्रीनशॉट आहेत, ॲडमिन कोण आहे, कोणाचं अकाउंट खोट्या नावाचं आहे. वर्गात सगळ्यात किरकोळ दिसणारा मुलगाही या अर्थाने "दादा" असू शकतो.

मस्करी आणि बुलिंग यातला फरक कसा ओळखायचा?

स्वतःला हे चार प्रश्न विचारा:

• ज्याच्यावर विनोद आहे तो नसताना हा विनोद केला जातोय का?
• तो "बस कर" म्हणाला तर आपण खरंच थांबतो का, की "एवढं काय मनाला लावून घेतोस" म्हणतो?
• विनोद दर वेळी एकाच माणसावर येऊन थांबतो का?
• हाच स्टिकर त्याच्या आईने बघितला तर आपण समोर उभे राहू का?

आणि एक लक्षात ठेवा. तो हसतोय म्हणजे त्याला चालतंय, असं नसतं. ग्रुपमध्ये हसला नाही तर आणखी खेचतील, म्हणून बरेच जण हसतात. आपल्या उदाहरणातल्या मुलाने इमोजी टाकला होता, तो यासाठीच.

सायबर बुलिंगचे प्रकार

फोनवरून, सोशल मीडियावरून किंवा ऑनलाइन गेममधून केलेल्या बुलिंगला सायबर बुलिंग म्हणतात. आपल्याकडे नेहमी दिसणारे प्रकार असे:

• स्टिकर आणि मीम: परवानगीशिवाय काढलेल्या फोटोचे स्टिकर, कन्फेशन पेजवर नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असं लिहिलेलं.
• ग्रुपमधून वगळणं: सगळ्यांना घेऊन, एकालाच सोडून नवा ग्रुप काढणं. यात एकही वाईट शब्द नसतो, म्हणून तक्रारही करता येत नाही. पण हे फार लागतं.
• खोटं अकाउंट: एखाद्या मुलीच्या नावाने आणि फोटोने प्रोफाइल उघडून तिच्या वतीने मेसेज पाठवणं.
• खाजगी गोष्ट बाहेर काढणं: विश्वासाने पाठवलेला फोटो, व्हॉइस नोट किंवा चॅटचा स्क्रीनशॉट फिरवणं.
• एआयने बनवलेले फोटो: साध्या फोटोवरून अश्लील फोटो तयार करणं. "खरा थोडीच आहे" असं म्हणून हे हलक्यात घेतलं जातं. पण ज्याचा चेहरा आहे त्याच्यासाठी अपमान खराच असतो, आणि कायद्यातही हा गुन्हाच आहे.
• गेममधला छळ: व्हॉइस चॅटवर शिव्या, मुलीचा आवाज ऐकू आला की घाण बोलणं, ठरवून एकालाच टीममध्ये त्रास देणं.
• धमकी: "पैसे दे, नाहीतर फोटो टाकतो" किंवा "माझ्याशी बोल, नाहीतर तुझ्या घरी पाठवतो." हे बुलिंगच्याही पुढचं आहे. ही सरळ खंडणी आहे.

फोनवर ते जास्त का लागतं?

शाळेत त्रास देणारा मुलगा घंटा वाजली की मागे राहायचा. घराचं दार बंद केलं की निदान संध्याकाळ आपली असायची. फोन मात्र उशाशी असतो.

दुसरं म्हणजे फॉरवर्ड. ओल्वेयस यांच्या व्याख्येत "पुन्हा पुन्हा" ही अट आहे. पण फोनवर एकाने एकदाच फोटो टाकला तरी तो दोनशे जण पुढे पाठवतात. त्रास देणाऱ्याने एकदाच केलं, पण ज्याचा फोटो आहे त्याच्यासाठी ते दोनशे वेळा घडलं.

तिसरं म्हणजे चेहरा दिसत नाही. समोर उभं राहून बोललो तर समोरच्याचे भरलेले डोळे दिसतात आणि आपली जीभ आपोआप आवरते. स्क्रीनवर फक्त दोन निळ्या टिक दिसतात.

त्रास नेमका कोणाला होतो?

आकड्यांपासून सुरुवात करू. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरात जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याने मागच्या महिन्याभरात एकदा तरी सोबतच्या मुलांकडून बुलिंग सोसलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२४ मध्ये ४४ देशांतल्या शाळकरी मुलांचा अहवाल काढला, त्यात साधारण सहापैकी एकाने सायबर बुलिंग अनुभवल्याचं सांगितलं. त्यात मुलं आणि मुली जवळपास सारख्याच प्रमाणात होत्या. म्हणजे "हे फक्त मुलींसोबत होतं" हा समज चुकीचा आहे. फरक एवढाच, की मुलगे सांगत नाहीत, कारण सांगितलं तर "मर्द बन" हे ऐकावं लागतं.

१. जो जरा "वेगळा" दिसतो किंवा बोलतो

युनेस्कोच्या त्याच अहवालात बुलिंगचं सगळ्यात जास्त सांगितलेलं कारण होतं शरीर आणि दिसणं. आपल्याकडे यादी आणखी लांब आहे. रंग, उंची, वजन, चष्मा, चेहऱ्यावरचे केस. गावाकडून शहरात शिकायला आलेला मुलगा "पाणी"ला "पानी" म्हणाला की त्याची नक्कल सुरू होते. इंग्रजी अडखळलं की रील बनते. आडनावावरून जात ओळखून "तुला काय, तुमच्या सीट राखीवच" असा टोमणा मारला जातो. थोडं नाजूक बोलणाऱ्या मुलाला "बायल्या" म्हणतात.

नीट पाहिलं तर यातली एकही गोष्ट त्या माणसाने निवडलेली नाही. म्हणूनच "तू स्वतःला बदल म्हणजे चिडवणार नाहीत" हा सल्ला कामाचा नसतो. दोष त्याच्या "ण" मध्ये नाहीच.

परिणाम कसे दिसतात? झोप लागत नाही, सकाळी पोट दुखतं, डोकं दुखतं, शाळेला दांड्या वाढतात, मार्क घसरतात. कोणी फोन हातात घेणंच सोडतं, तर कोणी दर दोन मिनिटांनी "आता काय टाकलं असेल" म्हणून बघत राहतं. मित्राच्या वागण्यात असा बदल दिसला तर विचारा.

२. प्रसिद्ध माणसं

४ सप्टेंबर २०२२ ला आशिया कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. काही तासांत सोशल मीडियावर त्याला देशद्रोही म्हणणाऱ्या पोस्टचा पूर आला, विकिपीडियावरच्या त्याच्या माहितीतही छेडछाड झाली. त्याच्या आदल्याच वर्षी टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमधल्या पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून लक्ष्य केलं गेलं. कॅप्टन विराट कोहलीने पत्रकार परिषदेत उघडपणे शमीची बाजू घेतली.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शमीच्या बाजूने कॅप्टन उभा राहिला. वर्गातल्या मुलाच्या बाजूने कोण उभं राहतं?

३. जो त्रास देतो तो

विचित्र वाटेल, पण नुकसान त्याचंही होतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १,४२० मुलांचा लहानपणापासून मोठे होईपर्यंत अभ्यास केला गेला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की ज्यांना बुलिंग सोसावं लागलं त्यांना मोठेपणी चिंतेचे विकार जास्त होते. पण सगळ्यात वाईट स्थिती होती ती आधी त्रास सोसलेल्या आणि मग दुसऱ्यांना त्रास देणाऱ्या मुलांची. म्हणजे "मला केलं म्हणून मी त्याला केलं" हा हिशोब बरोबर सुटत नाही. दोन्हीकडचं ओझं एकाच माणसाच्या डोक्यावर बसतं.

४. बघणारे

आता आपल्या ४५ जणांकडे येऊ.

स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी पीटर-पॉल हायनेमान या डॉक्टरांनी शाळेतल्या अशा छळासाठी "मॉबिंग" हा शब्द रूढ केला. तो शब्द आला होता पक्ष्यांच्या अभ्यासातून. दिवसा एखादं घुबड बाहेर दिसलं की कावळे कसे गोळा होऊन त्याच्या मागे लागतात, ते तुम्ही पाहिलं असेल. त्याला मॉबिंग म्हणतात. एकटा कावळा घुबडाच्या वाटेला जात नाही. जमाव झाला की जातो.

कॅनडातल्या टोरांटोमध्ये संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून हेच तपासलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बुलिंगच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं आजूबाजूला हजर होती. मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण जेव्हा कोणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, म्हणजे ५७ टक्के वेळा, दहा सेकंदांच्या आत बुलिंग थांबलं.

दहा सेकंद! एक इमोजी शोधून टाकायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

ग्रुपवर हसण्याचा इमोजी टाकणारा म्हणतो "मी फक्त रिॲक्ट केलं". पण स्टिकर बनवणाऱ्याला त्या इमोजीतूनच कळतं की आणखी एक बनवायला हरकत नाही. आणि ज्याचा स्टिकर आहे तो कोणी कोणी इमोजी टाकला ते एकेक नाव उघडून बघतो. त्यात जवळच्या मित्राचं नाव दिसलं की खरी जखम तिथे होते. बघणाऱ्यांच्या मनातही भीती बसते, की आपण काही बोललो तर उद्या आपला नंबर. असा ग्रुप कोणालाच सुरक्षित वाटत नाही.

तुम्ही बघणारे असाल तर काय कराल?

हिरोगिरी करायची गरज नाही. छोट्या गोष्टी पुरतात:

• रिॲक्ट करू नका, फॉरवर्ड करू नका. हसणारे कमी झाले की स्टिकर लवकर मरतो.
• विषय बदला. "ते सोडा, उद्याच्या असाइनमेंटचं काय?" एवढं एक वाक्य कधी कधी पुरतं.
• त्याला वेगळा मेसेज करा. "मी बघितलं, मला आवडलं नाही, तू ठीक आहेस ना?" हा एक मेसेज सगळ्यात जास्त काम करतो.
• ॲडमिनला खाजगीत सांगा. व्हॉट्सॲपवर ॲडमिन कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो.
• त्रास देणाऱ्यावर सगळे मिळून तुटून पडू नका. तसं केलं तर आपणही कावळेच झालो, फक्त घुबड बदललं.

तुमच्यासोबत होत असेल तर काय कराल?

पहिली गोष्ट: यात तुमची चूक नाही. तुम्ही फोटो स्वतः पाठवला असेल तरीही नाही. तो पुढे फिरवणं ही फिरवणाऱ्याची चूक आहे.

पायरी १: लगेच उत्तर देऊ नका. रागात टाकलेल्या मेसेजचाच स्क्रीनशॉट उद्या तुमच्याविरुद्ध फिरतो.

पायरी २: आधी पुरावा, मग ब्लॉक. बरेच जण रडत रडत पूर्ण चॅट डिलीट करतात आणि मग तक्रारीसाठी हातात काहीच उरत नाही. तारीख, वेळ आणि नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. इन्स्टाग्राम अकाउंटचं नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, त्यामुळे दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा. मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या, कारण पोलिसांना स्क्रीनशॉटपेक्षा मूळ मेसेज जास्त उपयोगी पडतो. मजकूर अश्लील असेल तर मात्र पुरावा म्हणूनही तो कोणाला फॉरवर्ड करू नका. फोनच दाखवा.

पायरी ३: एका मोठ्या माणसाला सांगा. आई-बाबांना सांगायला भीती वाटत असेल तर ताई, मामा, मावशी, आवडते सर किंवा मॅडम, कोणीही चालेल. बहुतेक मुलं घरी सांगत नाहीत त्याचं कारण एकच: "फोन काढून घेतील." पालक हा लेख वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती, फोन जप्त करू नका. त्याने शिक्षा त्रास सोसणाऱ्यालाच होते आणि पुढच्या वेळी तो सांगत नाही.

पायरी ४: ॲपमधली हत्यारं वापरा.

• व्हॉट्सॲप: सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, तिथे "माय कॉन्टॅक्ट्स" निवडा. मग अनोळखी कोणी थेट ग्रुपमध्ये टाकू शकत नाही. एखाद्या नंबरला रिपोर्ट केलं की त्याने पाठवलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात, आणि समोरच्याला ते कळत नाही. ग्रुप सोडला तर फक्त ॲडमिनना कळतं.
• इन्स्टाग्राम: ब्लॉक केल्यावर समोरचा चिडेल अशी भीती असेल तर "रिस्ट्रिक्ट" वापरा. त्याच्या नव्या कमेंट फक्त त्यालाच दिसतात, मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात आणि तुम्ही वाचलं की नाही हे त्याला कळत नाही. "हिडन वर्ड्स"मध्ये तुम्हाला त्रास देणारे शब्द मराठीतही टाकून ठेवता येतात.
• गेम: आधी म्यूट, मग रिपोर्ट. वाद घालत बसू नका.

पायरी ५: अश्लील फोटो फिरत असेल तर. यासाठी दोन मोफत सेवा आहेत. वय १८ पेक्षा जास्त असेल तर "स्टॉप एनसीआयआय", आणि फोटो १८ वर्षांखालचे असताना काढलेला असेल तर "टेक इट डाउन". गंमत अशी, की तुमचा फोटो त्यांच्याकडे जातच नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोपासून अक्षरं आणि आकड्यांचा एक कोड तयार होतो. त्याला हॅश म्हणतात. फोटोचा अंगठ्याचा ठसाच समजा. फक्त तो ठसा इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या सहभागी कंपन्यांना जातो आणि तसाच फोटो कोणी टाकला तर तो पकडता येतो. मर्यादा मात्र आहे: व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटमध्ये हे चालत नाही, कारण तिथले मेसेज एन्क्रिप्टेड असतात.

कायदा काय म्हणतो?

भारतात "सायबर बुलिंग" नावाचं वेगळं कलम नाही. पूर्वी आयटी कायद्यात ६६अ हे कलम होतं, ज्यात कोणाला खटकेल असा मेसेज पाठवणंही गुन्हा होता. पण ते फार मोघम होतं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टमुळे अटक झाली आणि देशभर गाजावाजा झाला. त्यानंतर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने हे कलम रद्द केलं. म्हणून आज "मला वाईट वाटलं" एवढ्यावर गुन्हा होत नाही. नेमकं काय केलं ते बघितलं जातं:

• दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरून वापरणं: आयटी कायदा कलम ६६क, ३ वर्षांपर्यंत कैद.
• खाजगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पाठवणं: कलम ६६इ, ३ वर्षांपर्यंत कैद.
• लैंगिक कृतीचा मजकूर पसरवणं: कलम ६७अ, पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद. १८ वर्षांखालच्या मुलांचा असेल तर कलम ६७ब.
• मुलीचा ऑनलाइन पाठलाग करणं: भारतीय न्याय संहिता कलम ७८.
• धमकी देणं: कलम ३५१.
• जातीवरून अपमान: अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९.

कॉलेज किंवा हॉस्टेलमध्ये सीनियर त्रास देत असतील तर महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. त्यात २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तक्रार कुठे करायची?

• सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन: केंद्र सरकारचं पोर्टल. महिला आणि मुलांविरुद्धच्या लैंगिक मजकुराची तक्रार इथे नाव न देताही करता येते.
• १०९८: चाइल्ड हेल्पलाइन, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी.
• १४४१६: टेलिमानस, मनावरचा ताण बोलायला. मोफत, मराठीतही. कॉल कधीही करा.
• १८००-१८०-५५२२: कॉलेजमधल्या रॅगिंगसाठी.
• ११२: जिवाला धोका असेल तर लगेच.

१९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. धमकावून पैसे उकळले असतील तर तिथे लगेच फोन करा. पोलीस स्टेशनला जायचं ठरवलं तर हद्दीचा प्रश्न येत नाही. कोणत्याही ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ग्रुप ॲडमिन आहे. कोणी काही टाकलं तर मी अडकेन का?
मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की आधीपासून संगनमत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी फक्त ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. पण कायद्यातून सुटलो म्हणजे जबाबदारीतून सुटलो असं नाही. डिलीटचं बटण तुमच्या हातात आहे.

खोटं अकाउंट असेल तर पकडता येतं का?
बऱ्याचदा येतं. पोलीस कंपनीकडून लॉगिनचा आयपी ॲड्रेस आणि नंबर मागवू शकतात. लवकर तक्रार केली तर ही माहिती मिळण्याची शक्यता जास्त.

त्रास देणारा १८ वर्षांखालचा असेल तर?
प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. लहान आहे म्हणून काहीच होत नाही, हा गैरसमज आहे.

मीच कोणाला त्रास दिलाय असं आता वाटतंय. काय करू?
आधी टाकलेलं डिलीट करा, सोबतच्यांनाही करायला सांगा. मग त्याला खाजगीत साधं "सॉरी, माझं चुकलं" म्हणा. "पण मी तर मजेत" असं पुढे जोडू नका. त्याने माफ केलं नाही तरी चालेल. माफी मागणं तुमच्या हातात आहे, माफ करणं त्याच्या.

शेवटी एक काम

मित्रांनो, असे लेख वाचून झाले की आपण ते ग्रुपवर शेअर करतो. आज आधी दुसरं काम करा. हा लेख वाचताना तुमच्या डोक्यात एक चेहरा नक्की आला असेल. कोणाचा तरी स्टिकर तुमच्या फोनमध्येही सेव्ह असेल. तो काढून टाका, आणि त्या माणसाला एक मेसेज करा. फार काही लिहू नका. "काय चाललंय? उद्या डबा सोबत खाऊ" एवढं पुरे.

मग शेअर करा.